मिठाची पांढरी फरशी

अस्वातीला नावं ठेवायला माणूसच लागे असं नाही. सकाळी बांधावर पाय ठेवला की ती आधी वाऱ्याला शिव्या घाली, कारण तो उशिरा सुटे. मग खाडीचं पाणी वाफ्यात चढवणाऱ्या लाकडी पवनचक्कीला, कारण ती कुरकुरे. मग सामुद्रधुनीपलीकडच्या जावा बेटाला, कारण तिकडचे व्यापारी मदुरा बेटाचं मीठ हातात घेऊन नाक मुरडत. एवढं झालं की तिची जीभ सैल होई आणि माणसांची पाळी येई.

माणसांत पहिला मान ब्रुदिनचा. त्याचे वाफे तिच्या वाफ्यांना लागून, एक बांध ओलांडला की पलीकडे. ती त्याला 'चिखल्या' म्हणे, आणि तोंडावर म्हणे. ब्रुदिन पन्नाशीचा, पोट सुटलेला, कानामागे कायम लवंगेची सिगारेट खोचलेली. तो हसे. चिखल्या म्हटल्यावर जो माणूस हसतो त्याला काय किंमत द्यायची, असं अस्वातीचं स्पष्ट मत होतं.

मीठ काढायच्या गावात दोन रीती. ब्रुदिनची रीत सोपी: वाफ्यात मीठ पिकलं की खालच्या काळ्या चिखलापर्यंत खरवडायचं आणि पाटी भरायची. मीठ भराभर निघतं, पण राखाडी, दाताखाली कचकचणारं. कोळी ते मासळीला लावायला नेतात, त्यांना रंगाशी काय करायचंय. अस्वातीची रीत तिच्या नवऱ्याची, मत्नावीची. हंगामाचं पहिलं मीठ काढायचंच नाही. ते तळाशी बसू द्यायचं, त्यावर पुन्हा पाणी, पुन्हा मीठ, वरून लाकडी रूळ फिरवायचा. तीन आठवड्यांनी दोन बोटं जाडीची टणक पांढरी फरशी तयार होते, आणि मग तिच्यावर पिकेल तेवढंच मीठ अलगद ओढून घ्यायचं. ते मीठ इतकं पांढरं की दुपारी त्या वाफ्यांकडे बघताना डोळ्यांतून पाणी येई. अस्वातीला त्याचा फार अभिमान. आलेला पाहुणा डोळे चोळायला लागला की ती म्हणे, "ब्रुदिनकडे जा, तिकडं डोळ्यांना आराम आहे."

मत्नावीला जाऊन चार वर्षं झाली होती. तो गेल्यावरही तोंडाकडचे सहा वाफे अस्वातीकडे राहिले. तोंडाकडचे म्हणजे खाडीच्या दारालगतचे. भरतीचं पाणी आधी तिथं येतं, मग उरलेलं बाकीच्यांना. हे वाफे कुणाच्या मालकीचे नव्हते. गावाचे होते, आणि गावाचा नियम जुना होता. मिठाच्या आद्य पुरुषाच्या थडग्यापाशी उन्हाळ्यात गाव तीनदा एकत्र जेवतं. तिसऱ्या जेवणाच्या आदल्या दिवशी गावप्रमुख येतो, आणि तोंडाकडच्या वाफ्यांच्या मिठाची रास झोपडीतल्या सागाच्या खांबाच्या खाचेला टेकली आहे का ते बघतो. टेकली तर वाफे राहिले. नाही टेकली तर पुढच्या वर्षी ते बांधापलीकडच्या शेजाऱ्याला. बांधापलीकडचा शेजारी म्हणजे ब्रुदिन.

सव्वीस वर्षं रास खाचेला टेकत आली होती. या वर्षी तिसऱ्या जेवणाला अकरा दिवस उरले आणि रास खाचेच्या तीन हात खाली होती.

कारणं होती. एरवी मेपर्यंत आटपणारा पाऊस जूनच्या शेवटापर्यंत रेंगाळला. मग तीन आठवडे फरशी घालण्यात गेले. तेवढ्यात ब्रुदिनच्या दोन खरवडण्या उरकल्यासुद्धा. आणि फरशी झाली तर आकाश बिघडलं. ढग नव्हते, पण निळंही नव्हतं. समुद्रापलीकडं कालिमंतानात रानं पेटली होती, त्यांचा धूर पार इथपर्यंत आला होता आणि आभाळ पातळ ताकासारखं दिसत होतं. सूर्य होता, घाम निघत होता, पण सावलीची कड फाटकी पडत होती. अशा उन्हात पाणी मुरतं, पिकत नाही.

"माणसाला भाजतं आणि पाण्याला सोडून देतं," अस्वाती म्हणाली. "ऊनसुद्धा हल्ली हलकट झालंय."

आठवड्यापूर्वी जिल्ह्याच्या गावाहून एक साहेब आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात काचेचा घुमट बसवलेलं यंत्र. बांधावर तिकाटणं उभं करून तो ऊन मोजत होता. अस्वातीच्या मुलानं, होस्नाननं, त्याला सावलीत बसवलं आणि सुनेनं मक्याचा भात, पेतिस ही कोळंबीची काळी चटणी आणि तळलेले बोंबील वाढले. साहेबानं जेवता जेवता ज्ञान पाजळलं: सूर्याचं जेवढं ऊन पृथ्वीकडे येतं त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा जमिनीच्या काही उपयोगाला पडत नाही. ढगांवर, धुरळ्यावर, बर्फावर, पांढऱ्या जमिनीवर आपटतं आणि परत आकाशात जातं.

"शहाणं आहे ऊन," अस्वाती म्हणाली. "आल्या पावली परत जातं. तुम्ही जेवायला थांबलात."

होस्नाननं मान खाली घातली. साहेबानं हातातला घास परत ताटात ठेवला. सून मात्र ताट हातात धरून तशीच उभी राहिली आणि तिनं विचारलं, "पांढऱ्या जमिनीवर म्हणजे, मिठावरसुद्धा?"

"मिठावर तर फारच," साहेब म्हणाला.

"तू भात वाढ," अस्वाती म्हणाली.

सुनेचं नाव होस्निया. लग्नाला चौदा महिने झाले होते, पण अस्वातीच्या तोंडून ते नाव अजून बाहेर पडलं नव्हतं. ती तिला 'तंबाखूवाली' म्हणे. होस्निया पामेकासानच्या टेकड्यांवरची. तिकडं तंबाखू पिकते, मीठ दुकानातून आणतात. असल्या घरातली मुलगी होस्नाननं बैलांच्या शर्यतीत बघून ठरवली होती, आणि बैल बघायला गेलेल्या माणसानं दुसरं काय आणायचं, असं अस्वाती शेजारणींना सांगे. सून ऐकते आहे की नाही हे ती बघत नसे. ऐकत असेल तर बरंच.

साहेब गेल्यानंतर दुसऱ्या दुपारी होस्निया अनवाणी वाफ्यात उतरली. आधी फरशीवर उभी राहिली. मग बांध ओलांडून ब्रुदिनच्या वाफ्यातल्या चिखलात जाऊन उभी राहिली, आणि उडी मारून परत आली.

"आई, त्यांच्याकडं पाय ठेववत नाही. पोळतोय," ती म्हणाली. "आपल्याकडं पाणी कोमट आहे नुसतं."

"चिखलात गेल्यावर पाय धुऊन ये. फरशी घाण करशील."

"पण आई, ऊन तर एकच आहे. त्यांचा चिखल काळा, तो पिऊन टाकतो. आपली फरशी परत पाठवते. इथं उभं राहिलं की डोळे दिपतात ना? जे ऊन डोळ्यांत येतंय ते परत चाललेलंच ऊन. ते पाण्याच्या कामाला आलंच नाही. आमच्याकडं तंबाखूच्या चटया चुन्याच्या अंगणात नाही मांडत, काळ्या रानात मांडतात. अंगणात एक दिवस जास्त लागतो."

अस्वातीनं हातातलं लाकडी फावडं बांधाला टेकवलं. असं टेकवलं की होस्नान दोन वाफे सोडून पलीकडं जायचा. तो गेला.

"काय गं ए, तुझ्या बापानं कधी मिठाचा खडा पिकवलाय? बिड्या वळणाऱ्यांनी मला ऊन शिकवायचं? बावीस वर्षं माझ्या नवऱ्यानं या फरशीवर रास उभी केली. बावीस वर्षं! त्याला ऊन कळत नव्हतं आणि तुला चौदा महिन्यांत कळलं?"

"बाबांच्या वेळी पाऊस लवकर थांबत असेल. आणि ही फरशी पहिल्या पावसात विरघळणारच ना? मग ती फोडून..."

"पुढचा शब्द बोललीस तर टेकडीवर परत पाठवीन. तुझ्या त्या उन्हासारखी."

होस्निया बोलायची थांबली. पण ही पोरगी गप्प बसून ऐकणाऱ्यांतली नव्हती, गप्प बसून करणाऱ्यांतली होती, आणि अस्वातीला हेच खुपत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपडीच्या बाहेर उघड्यावर दोन भांडी मांडलेली दिसली. एक पांढरी कल्हईदार थाळी, एक काजळी धरलेली लोखंडी कढई. दोन्हींत एकेक वाटी दाट खारं पाणी. अस्वातीनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दुपारी नमाजानंतर ती पुन्हा तिकडून गेली. थाळीत पाणी तसंच होतं, कडेला पातळ साय धरलेली. कढईच्या तळाशी मीठ बसलं होतं. चांगलं टपोरं, चौकोनी दाण्याचं.

ती तिथं किती वेळ उभी होती हे कुणी बघितलं नाही. आकडा तिच्या डोक्यात लगेच बसला: सकाळी मांडलं, दुपारी पिकलं. चाळीस वर्षं मिठात गेलेल्या बाईला याहून जास्त काय सांगायचं असतं. कढई लोखंडाची म्हणून तापली, असं ती मनाशी म्हणाली. काजळीचा गुण, असं म्हणाली. मग तिनं कढई उचलली, मीठ बांधाखाली ओतलं आणि कढई सुनेच्या पुढ्यात आपटली.

"कढईत भाजी करतात. तुझ्या आईनं एवढं तरी शिकवलं असेल."

होस्नान तिथंच होता. त्यानं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि पवनचक्कीच्या आसाला तेल लावायला घेतलं. त्या आसाला सकाळीच तेल लावून झालं होतं.

पुढचे दिवस अस्वातीनं कुणाला धड जगू दिलं नाही. वाफ्यातलं पाणी आणखी पातळ पसरायला लावलं. पवनचक्की थांबली की दोघांना हातानं पाणी उपसायला लावलं. रास चढत होती, पण गोगलगायीनं भिंत चढावी तशी. शेवटच्या चार दिवसांत पहाटेचा गारवा गेला. मदुरेत मिठाच्या माणसाला याचा अर्थ समजवावा लागत नाही: आभाळ मोकळं असलं की दिवसाची ऊब रात्री निघून जाते आणि पहाटे अंगावर सारोंग ओढावासा वाटतो, ऊब जमिनीलगत कोंडून राहिली की वर दमट हवेचं पांघरूण पडलेलं असतं, आणि त्या पांघरुणातून पाऊस येतो. अस्वाती पहाटे घामेजून उठली आणि पहिली शिवी आभाळाला घातली.

बांधावरून ब्रुदिन म्हणाला, "वहिनी, पाऊस तीन-चार दिवसांवर आलाय."

"तुला बरंच झालं. नवे वाफे मिळतील. चिखल कालवायला जागा वाढली."

ब्रुदिननं कानामागची सिगारेट काढली, पेटवली नाही, परत खोचली. "वहिनी, एक सांगू का? फरशी फोडा."

"काय?"

"एका वाफ्याची. मागच्या. तीसुद्धा मीठच आहे की. रास भरून निघेल."

अस्वाती हसली. तिचं हसणं गावात फारसं कुणी ऐकलं नव्हतं आणि ज्यांनी ऐकलं त्यांना पुन्हा ऐकायची इच्छा नव्हती. "म्हणजे राखाडी चिखल मी माझ्या राशीवर ओतायचा, आणि मग तू गावभर सांगायचं की मत्नावीची बायको चिखल्या झाली! वाफे पण जातील आणि नाक पण. माझ्या नवऱ्याची फरशी आहे ती. तो गेला म्हणून ती पायपुसणं नाही झाली. तो असता तर तुझी इथं उभं राहून बोलायची हिंमत झाली नसती."

"तो असता तर..." ब्रुदिन म्हणाला. पलीकडं जाऊन त्यानं आपल्या चिखलात फावडं घातलं.

प्रमुख आला तो दिवस उजाडला. हाजी मोक्सिन हा पंचाहत्तरीचा म्हातारा, एक पाय ओढत चालणारा. त्याच्यामागून निम्मं गाव बांधावरून चालत आलं. दरवर्षीच येतं, उद्याच्या जेवणाची भूक आज तमाशानं भागवायला. अस्वातीनं धुतलेला पदर डोक्यावर घेतला होता. झोपडीत पांढरी रास, तिच्याशेजारी सागाचा काळा खांब. दोन्हींकडं बघितलं की कुणी मोजायची गरज नव्हती. खाच रिकामी होती. राशीचं टोक तिच्या दोन वीत खाली राहिलं होतं.

हाजी मोक्सिननं तरी हात लावून बघितलं. मग बाहेर येऊन त्यानं सामुद्रधुनीकडं नजर टाकली. जावाच्या बाजूनं आभाळ खालून काळं झालं होतं, वरून अजून ऊन होतं.

"मगरिबच्या नमाजापर्यंत वेळ आहे," तो म्हणाला. "नियम तसाच आहे. सूर्य बुडेपर्यंत जे राशीवर पडेल ते मीठ."

"सूर्य बुडेपर्यंत काय पिकणार आहे हाजी? बघताय ना आभाळ. द्यायचे ते वाफे देऊन टाका चिखल्याला. निदान त्याच्या पायाला सवय आहे."

मागं कुणी हसलं नाही. अस्वातीला ते विचित्र वाटलं. एरवी तिच्या अशा बोलण्यावर चार जण तरी खुसखुसत.

"अगं, फरशी फोड ना," हाजी मोक्सिन म्हणाला. उद्या जेवायला ये म्हणावं तितक्या सहज म्हणाला. "मत्नावी फोडायचा तशी."

अस्वातीला आधी वाटलं म्हातारा भ्रमला. "कोण फोडायचा?"

हाजीनं ब्रुदिनकडं बघितलं. ब्रुदिननं पाण्याकडं. एखाद्या घरात चुकीच्या वेळी शिरलेल्या पाहुण्यासारखं सगळं गाव एकदम अवघडलं.

"धुराच्या त्या मोठ्या वर्षी," हाजी म्हणाला, "आणि त्यानंतर पावसानं घाई केली त्या वर्षी. आणखी एकदा, नाही का रे ब्रुदिन? राशीत हात घातला की तळाला राखाडी लागायचं. मीठ ते मीठ. मी मोजून घेत होतो."

"खोटं," अस्वाती म्हणाली. "हा चिखल्या तुमच्या कानाला लागलाय. स्वतःचं मीठ घाण, म्हणून मेलेल्या माणसाचं घाण करतोय. मत्नावीनं कधी..." ती मुलाकडं वळली. "होस्नान, सांग यांना. तू तर त्याच्या मागं-मागं असायचास. सांग."

होस्नान पवनचक्कीच्या खांबाला टेकून उभा होता. तीस वर्षांचा माणूस, पण त्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला सुरुवात केली.

"बोल की!"

"मागचे दोन वाफे," होस्नान म्हणाला. "पहाटे फोडायचो. ब्रुदिनकाका पाट्या वाहायचे. राखाडी तळाशी घालायची, वर पांढरं. तू न्याहारी घेऊन येईपर्यंत झालेलं असायचं."

अस्वातीला आठवलं. धुराच्या वर्षी मागचे दोन वाफे एका सकाळी काळे दिसले होते. मत्नावी म्हणाला होता, खेकड्यांनी बांध पोखरला, खाडीचं पातळ पाणी आत शिरलं, फरशी विरघळली. तिनं त्याला त्यावरून आठ दिवस सोललं होतं. बांध राखता येत नाही, खेकडा याच्यापेक्षा हुशार, असला नवरा नशिबी आला म्हणून लोकांच्या तोंडाला कुलूप लावत फिरावं लागतं. हे सगळं या इथं, चारचौघांच्या देखत. आणि तो खाली बसून जाळं विणत असल्यासारखा ऐकून घेत होता. कधी त्यानं मान वर केली नाही. तिला वाटलं होतं शरमेनं.

खेकडेच नव्हते.

बांधावर वारा सुटला. काळ्या ढगाची कड अजून दूर होती. अस्वातीनं झोपडीच्या कुडाला टेकवलेली पहार उचलली. होस्नान पुढं आला तसा तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि ती मागच्या नव्हे, अगदी पहिल्या वाफ्यात उतरली, सगळ्यांना दिसेल अशा. पहार दोन्ही हातांनी वर घेऊन तिनं फरशीवर घातली. पहिल्या घावाला नुसते ठिणग्या उडाल्यासारखे कण उडाले. तिसऱ्या घावाला तडा गेला आणि पाटीएवढा तुकडा सुटला. तो उलटा झाला. वरून लख्ख पांढरा, खालून चिखलानं काळा.

मग कुणी कुणाला सांगितलं नाही. होस्नान आणि होस्निया फावडी घेऊन उतरले. ब्रुदिननं सिगारेट हाजीच्या हातात दिली, लुंगी वर खोचली आणि बांध ओलांडला. जमलेल्यांतले चार-पाच जण आले. पाट्या डोक्यावर चढल्या. फरशीचे तुकडे झोपडीत फुटून राशीवर पडायला लागले. मत्नावी राखाडी तळाशी घालून वर पांढरं घालत असे. अस्वातीचं पांढरं आधीच खाली होतं, म्हणून तिचं राखाडी वर आलं. पांढऱ्या राशीच्या डोक्यावर चिखलाची टोपी चढली. टोपी चढता चढता खाचेला टेकली, आणि खाचेच्या वर गेली.

हाजी मोक्सिननं हात लावून बघितलं. "टेकली," तो म्हणाला. "वाफे अस्वातीकडे."

अस्वाती राशीशेजारी उभी राहिली. तिनं सगळ्यांच्या तोंडांकडं एकेक करून बघितलं. ती वाट बघत होती. चिखल्या हा शब्द आता तिच्यावर परत यायला हवा होता. त्यांच्या जागी ती असती तर तिनं तो कधीच फेकला असता. वर दोन शब्द मत्नावीबद्दल, एक सुनेच्या कढईबद्दल. ती तयार होती. पण तो शब्द आला नाही. एका बाईनं तिच्या पदराला लागलेला चिखल झटकला. दुसरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ब्रुदिन म्हणाला, "वहिनी, हात सोलवटलाय, मिठाचं पाणी लागू देऊ नका," आणि पाय धुवायला खाडीकडं गेला. नव्या वाफ्यांचं त्याचं वर्ष गेलं होतं आणि त्यानं स्वतः ते पाटीपाटीनं वाहून घालवलं होतं.

तेव्हा तिला कळलं की हे आजचं नाही. मारक्या बैलाच्या अंगावर जाऊ नये, त्याला चुचकारत दावणीला न्यावं, तसं हे गाव तिला कित्येक वर्षं नेत आलं होतं. कुणी तिला उलट उत्तर देत नसे. ती बरोबर असते म्हणून देत नाहीत, असं ती समजत होती. तिनं ज्यांना मूर्ख म्हटलं त्या सगळ्यांना फरशीचं ठाऊक होतं, आणि तिच्याच घरात, तिच्याच ताटात जेवणाऱ्याला ठाऊक होतं. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता आणि तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं.

लोक पांगले. ढगाखालून उतरतं ऊन आडवं आलं आणि फोडलेल्या वाफ्याच्या उघड्या काळ्या तळावर पडलं. तिथं टाचेएवढ्या खोल खळग्यांत दाट पाणी राहिलं होतं, त्यातून वाफ निघताना दिसत होती. बाजूच्या पांढऱ्या वाफ्यांवर तेच ऊन पडून नुसतं डोळ्यांत येत होतं. होस्निया त्या काळ्या खळग्यांकडं बघत होती. सांगितलं होतं की नाही, असा चेहरा तिनं केला असता तर अस्वातीनं तिला तिथंच उभी चिरली असती आणि निदान जीव हलका झाला असता. पण पोरगी पाट्या गोळा करायला लागली.

होस्नान झोपडीवर ताडपत्री ओढत होता. अस्वाती त्याच्याजवळ गेली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "अकरा दिवस तू बघत होतास. वाफे जात होते. आपल्या तोंडचा घास जात होता, आणि तू पवनचक्कीला तेल लावत होतास. बाबांनी शपथ घातली होती का?"

"नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

होस्नाननं दोरीची गाठ मारली, ओढून बघितली. तो चिडला नव्हता. चिडला असता तर तिला बोलता आलं असतं.

"तुला कोण सांगणार, आई?"

ताडपत्रीवर पहिले थेंब पडले. अस्वातीनं ताडपत्रीचं सुटलेलं दुसरं टोक धरलं, आणि तो गाठ मारेपर्यंत धरून ठेवलं.